माकडहाड

“आबा, तुम्हीपण आत या,” दार किलकिलं करून मंजिरी म्हणाली. “डॉक्टर बोलावतायत.”

सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी तासभर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर पाटी होती : ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ ती वाचून वाचून पाठ झाली होती आणि, खोटं कशाला सांगू, तिला चालही लागली होती. चाळीस वर्षं कीर्तनात पेटी वाजवणाऱ्या माणसाला काहीही वाचलं की चाल सुचते. ‘गुन्हा’वर सम फार सुरेख येत होती.

मुलगा निशिकांत बोटीवर, कुठल्याशा समुद्रात. म्हणून सुनेला घेऊन सासरा तालुक्याला आला होता. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते आणि तेही मी आमच्या आंबेखोलच्या मारुतीला बोललेल्या नवसाने. मंजिरीच्या मते गोळ्यांनी. आम्ही त्यावर भांडत नव्हतो. सातवा महिना लागला होता, श्रेय वाटून घ्यायला पुढे आयुष्य पडलं होतं.

डॉक्टर अस्मा बागवान वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. “बसा काका. हे बघा, ही मण्यांची माळ दिसते ना, तो बाळाचा कणा. आणि हा खाली अगदी शेवटचा मणी, माकडहाड. त्या माकडहाडाला धरून ही गाठ आहे.”

मला पडद्यावर नुसता पावसाळी आभाळासारखा करडा गोंधळ दिसत होता. त्यात लिंबाएवढं काहीतरी होतं.

“कॅन्सर?” मंजिरीने सरळ विचारलं.

“या वयात बहुतेक गाठी साध्या असतात. जन्मानंतर ऑपरेशन करून काढता येतात. खरी काळजी आत्ताची आहे. ही गाठ बाळाचं रक्त स्वतःकडे ओढते. म्हणजे एवढंसं हृदय, त्याला दोघांचं काम. ते दमायला लागलं तर आपण वाट बघायची नाही, पुण्याला नेऊन बाळ बाहेर काढायचं. दर आठवड्याला मला दाखवायचं. आणि बाळंतपण इथे नाही, घरी तर मुळीच नाही. कळलं ना काका?”

“कळलं,” मी म्हणालो. आणि कळलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते मला कळलं नव्हतं म्हणून झालं नाही.

परतीच्या एस.टी.त मंजिरी खिडकीबाहेर बघत बसली. मी मनाशी ‘गाठ’ हा शब्द जुळवून बघत होतो. आमच्या घरात तो शब्द माझ्या आईच्या दुखण्यापासून कुणी काढत नाही. माझी बायको यमुना गोधडीच्या दोऱ्याला गाठ मारायची असली तरी ‘शेवटी जरा आवळून टाका’ म्हणते. तिला हे कसं सांगायचं?

स्टँडवर उतरलो तर समोर तात्या माळवदे. खतांचं दुकान, मारुती देवस्थानचे अध्यक्ष आणि गावातल्या प्रत्येक बातमीचे पहिले मालक. मंजिरी पुढे निघून गेली. मी सापडलो.

“काय म्हणाली डॉक्टरीण?”

“ठीक आहे सगळं. फक्त ते… माकडहाडापाशी थोडं जास्तीचं आलंय.”

“माकडहाडापाशी?”

“हं.”

“जास्तीचं? मागच्या बाजूला?”

“आता माकडहाड काय पुढच्या बाजूला असतं का, तात्या?”

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पेटीवाले, नवस कुणाला बोलला होतात?”

“मारुतीला.”

“आणि जास्तीचं आलंय कुठं? माकडहाडाला! अहो, शेपूट आहे ते!”

तिथे मला दोनच अक्षरं बोलायची होती : नाही. पण सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. गाठीपेक्षा शेपूट किती बरं! मी हसलो. तात्यांनी तो होकार धरला, आणि मी धरू दिला.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे गेली होती. यमुना दारात तांब्याभर पाणी आणि भाकरतुकडा घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. “अहो, खरं का?” मंजिरीने तिला तिथेच सांगून टाकलं, “आई, शेपूट वगैरे काही नाही. गाठ आहे.” यमुनाने दोन्ही हातांनी कान झाकले. तांब्या उंबऱ्यावर आपटला. सांडलेलं पाणी शुभ असतं, असं शेजारच्या काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीचं देऊळ झालं. बाया यायच्या, रुईच्या पानांची माळ मंजिरीच्या गळ्यात घालायच्या, पाया पडायच्या. कुणी शेंदूर आणला, कुणी तेल. केळी तर एवढी आली, की ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

“आबा,” मंजिरी म्हणाली, “ही केळी मी खायची आहेत की त्याने?”

“श्रद्धेने देतात गं.”

“श्रद्धेने देतात, पण त्या पोटाकडे बघत नाहीत, पाठीकडे बघतात.”

नाना शिंप्याने झबलं-चड्डी शिवून आणली. पिवळं धमक कापड, आणि चड्डीला मागे बरोबर मधोमध एक भोक. नुसतं भोक नाही, त्याला बारीक टाके घालून सुबक काज केलेलं. “वाढत्या अंगाचं आहे,” नाना म्हणाला, “भोकाला माया ठेवलीय.” मंजिरी ती चड्डी हातात घेऊन हसली, आणि हसता हसता आत निघून गेली. आतून हसण्याचा आवाज आला नाही.

तात्यांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर मारुती, त्याखाली मारुतीहून जरा मोठे तात्या. आणि मुलगा की मुलगी, ही तर कुणाला शंकाच नव्हती. “विचारायला कायद्याने बंदी आहे,” तात्या सांगायचे, “पण आपल्याला विचारायची गरज काय? शेपटीवरून कळतंच की!”

दुसऱ्या तपासणीत गाठ पेरूएवढी झाली होती. मंजिरीने वाटेत विचारलं, “आबा, तुम्ही गावाला कधी सांगणार? माझं कुणी ऐकत नाही. तात्या म्हणतात, सुनेला अजून साक्षात्कार झालेला नाही.”

“हनुमान जयंती होऊ दे. लोक आनंदात आहेत. जयंती झाली की सांगतो.”

तिने तपासणीची फाइल पिशवीत कोंबली.

हनुमान जयंतीच्या तीन दिवस आधी वामनबुवा आले. बुवांच्या कीर्तनासाठी मी जेवण सोडलं असतं, अजूनही सोडीन. पांढरा फेटा, खांद्यावर उपरणं, आणि गळा असा, की पूर्वरंगातला रुक्ष वेदान्तसुद्धा लोक डुलत ऐकायचे. पहिल्याच संध्याकाळी नारदाच्या गादीवरून ते म्हणाले, “या गावाच्या भाग्याला काय म्हणावं! देव देवळात आहेच, आता आळीतही येतोय म्हणतात.” मांडव कोसळेल एवढ्या टाळ्या झाल्या. माझी बोटं पेटीवर होती. मी त्या टाळ्यांना सूर दिला. देवाने मला गळा दिला नाही, बोटं दिली, आणि त्या बोटांनी मी काय काय साजरं केलं!

जयंतीच्या आदल्या दिवशी तपासणी होती. डॉक्टर बागवान यंत्र पोटावर पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. मग म्हणाल्या, “मोसंबीएवढी झालीय. हृदय फुगलंय. बाळाच्या पोटात पाणी धरायला लागलंय.” त्या फोन घेऊन बाहेर गेल्या, परत आल्या. “पुण्यात उद्या सकाळी दहाला खाट आहे, सर्जन आहेत, बाळाची काचेची पेटी आहे. दहा म्हणजे दहा, काका. सव्वादहा नाही. आणि बाळाचं हलणं मंदावलं तर एक क्षण दवडायचा नाही.”

पुणं आमच्यापासून तीन तास. सहा, फार तर साडेसहाला निघायला हवं. जीप ठरवली. पण जीप जाणार कुठून? गावाबाहेर पडायचा धड रस्ता एकच, देवळासमोरून, आणि त्यावर आरपार मांडव पडलेला.

तात्या म्हणाले, “जायचं तर जा. अडवतंय कोण? पण सहा चोवीसला मारुतीचा जन्म आहे. तेवढा वेळ सूनबाईंना पाळण्याशेजारी बसवू. जन्म झाला की मांडव उघडतो. पेटीवाले, गावाने इतकं केलं, आपण पाच मिनिटं द्यायची नाहीत?” जरा थांबून, “आणि पुण्यात ते कापणार नाहीत ना?”

“पाच मिनिटं,” मी मंजिरीला सांगितलं.

“आबा, तुमची पाच मिनिटं तीन आठवडे चाललीयत,” ती म्हणाली.

पहाटे पाचला कीर्तन उभं राहिलं. आमच्या बुवांची रीत उलटी आहे. जन्मलेल्या मारुतीने सूर्याला फळ समजून घेतलेली उडी, इंद्राने मारलेलं वज्र, हनुवटीला झालेली जखम, हे सगळं ते आधी सांगतात आणि मग मागे वळून जन्मावर येतात, म्हणजे जन्म नेमका सूर्योदयावर पडतो. त्यात एक जागा माझी आहे. लेकराला लागलं म्हणून बाप वायुदेव रुसतो आणि जगातला वारा बंद होतो. तिथे मी पेटीचा भाता सोडून देतो. सगळं गप्प. बुवा उपरणं तोंडाशी धरून गुदमरतात, बाया खरोखर श्वास धरतात. मग बुवा माझ्याकडे बघून मान हलवतात, मी भाता मारतो, वारा सुटतो, आणि देव धावत येतात. चाळीस वर्षांत ती जागा माझी एकदाही चुकली नव्हती.

मंजिरी पाळण्याशेजारी खुर्चीत बसली होती, कपाळावर कुणीतरी ओढलेला शेंदूर. यमुना तिचा हात धरून. मांडवाच्या अलीकडे, वेशीकडे तोंड करून जीप उभी. सहा वाजून अठरा मिनिटांनी वज्र सुटलं. बुवा लहान लेकरासारखे कळवळले. मी भाता सोडला.

त्या शांततेत मला दोन गोष्टी दिसल्या. तात्यांची माणसं खुर्चीपासून वेशीपर्यंत सुतळी बांधत होती, आणि एकाच्या हातात पाटी होती : ‘दर्शन रांग. स्त्रिया डावीकडे, पुरुष उजवीकडे’. अख्खा गाव आणि आजूबाजूच्या चार वाड्या पाया पडायच्या, तर दुपार झाली असती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मंजिरी. तिचा एक हात पोटावर होता, रंग उतरला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले : हलत नाहीये.

बुवांनी मान हलवली.

माझा हात भात्यावर होता. तो हलला नाही.

बुवांनी पुन्हा मान हलवली. मग उपरण्याआडून कुजबुजले, “पेटीवाले, वारा!”

“वारा नाही,” मी म्हणालो.

माझ्यासमोर पेटीसाठी माइक होता. ते दोन शब्द वेशीपर्यंत गेले.

तात्या घड्याळ उंचावून धावत आले. “अहो, सहा वीस झाले! चार मिनिटांवर जन्म आलाय! वाजवा की!”

“तात्या, शेपूट नाही.”

“आँ?”

“शेपूट नाही. गाठ आहे.” जो शब्द तीस वर्षं घरात काढला नव्हता तो माइकवर काढला, आणि एकदा निघाल्यावर थांबेना. “गाठ आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाठ. तुम्ही शेपूट म्हणालात आणि मी हसलो. लेकरू आत दमलंय. माझा नातू… नात… जे काय असेल ते दमलंय, आणि मी इथे पेटी वाजवतोय.”

मग मागून नाना शिंप्याचा केविलवाणा आवाज आला, “मग मी काज केलं ते?”

कुणी हसलं नाही. सगळे बुवांकडे बघत होते. चिडलेला गाव आधी बुवांकडे बघतो, कशावर चिडायचं ते कळायला. बुवांनी उपरणं खांद्यावर नीट केलं, झांजा खाली ठेवल्या. मला वाटलं, आता माझी शोभा होणार.

“ऐकलंत मंडळी?” ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले. “जन्मल्या जन्मल्या मारुतीची एक चूक झाली. सूर्य बघितला आणि म्हणाला, फळ. लहान होता, भुकेला होता, चालायचं. आपण मोठी माणसं, पोटभर जेवलेली. आपण गाठ बघितली आणि म्हणालो, शेपूट! आणि या गादीवरून ते कोण म्हणालं? मी म्हणालो.” त्यांनी स्वतःच्या गालावर हलकीशी चापट मारून घेतली. “आता सांगा, लेकराला लागलं म्हणून बाप रुसला, वारा बंद झाला, तेव्हा देव धावले ते कशाला? दर्शनाची रांग लावायला? केळी घेऊन? ते जखमेवर हात फिरवायला धावले हो! वैद्य होऊन धावले! तेव्हा कुठे वारा सुटला. आजही तेच. या पोरीच्या जीपला वाट मिळेपर्यंत पेटी वाजणार नाही. पेटी वाजली नाही तर पुढचं आख्यान नाही. आणि आख्यान नाही तर जन्म नाही, पंचांगात काहीही लिहिलेलं असो.”

तात्यांनी घड्याळ पाहिलं. मारुतीचा जन्म सहा चोवीसऐवजी साडेसहाला, आणि तोही तात्यांच्या अध्यक्षपदात! “उचला!” ते ओरडले. “बांबू उचला! ती सुतळी तोडा! अरे, बघताय काय?”

आणि आमचं गाव उठलं. ज्या मांडवाला दोन दिवस लागले होते त्याचा मधला भाग दोन मिनिटांत निघाला. चौघांनी मंजिरीला खुर्चीसकट अलगद उचलून जीपपाशी नेलं. बायांनी मागच्या सीटवर आपापली जाजमं घातली. त्यात माया किती होती आणि मुहूर्त किती, हे मी अजून ठरवलेलं नाही. देवाने ते वेगळं करून बघितलं असेल असंही मला वाटत नाही.

मी पेटीवरून उठलो. बुवा म्हणाले, “जा. आज वारा आम्ही तोंडाने सोडतो.”

जीप सुरू होताना तात्या खिडकीशी आले. “पेटीवाले, ती गाठ… मोठी आहे?”

“मोसंबीएवढी.”

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “म्हणजे डोंगर उचलून आणतोय!” आणि ते ही बातमी घेऊन मांडवाकडे पळाले.

आम्ही वेशीबाहेर पडलो आणि मागे जयजयकार झाला. उजवीकडे डोंगरामागून सूर्य वर आला होता. अगदी फळासारखा, मारुतीला दोष देता येणार नाही असा. मग मंजिरीने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत कुणीतरी, फार जोरात नाही, दमलेल्या माणसासारखी, एक लाथ मारली.

“दहाच्या आत पोचवा हो,” यमुना ड्रायव्हरला म्हणाली. आणि मग स्वतःहून, जीभ चावत चावत, “पोरीच्या बाळाला गाठ आहे.”

पावणेदहाला पोचलो. साडेअकराला बाळ बाहेर आलं, दीड किलोचं, आणि मुलगी होती. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. सव्वा महिना ती काचेच्या पेटीत होती. मी बाहेर बसून तिथल्या पाट्यांना चाली लावत होतो. नाव ठेवलं अंजनी. नवस फेडायला गेलो तेव्हा मारुतीसमोर उभं राहून सांगितलं, श्रेयाचं तू आणि डॉक्टरबाई बघून घ्या, मी मध्ये पडत नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. यंदाच्या जयंतीला पाहुणे आले होते. तात्या आता थकलेत, पण बातम्यांची मालकी सोडलेली नाही. अंजनी सुंठवडा वाटत होती. तिला जवळ ओढून ते पाहुण्यांना म्हणाले, “हीच ती बरं का, शेपटीची पोर! हिच्या माकडहाडाची कथा सांगतो, ऐका.”

“तात्याआजोबा,” अंजनी म्हणाली, “मला माकडहाड नाहीच आहे.”

“काहीतरीच. असं कसं?”

“डॉक्टरांनी गाठीबरोबर तेही काढलं. ठेवलं तर गाठ परत येते म्हणून.” तिने त्यांच्या तळहातावर सुंठवड्याची चिमूट ठेवली. “म्हणजे सगळ्या गावाला माकडहाड आहे, फक्त मला नाही. तुमचं बघा चाचपून.”

ती पुढच्या पाहुण्याकडे गेली. तात्यांचा रिकामा हात हळूच पाठीमागे गेला. आणि, खोटं कशाला सांगू, माझाही.